साडभावाचा रेडिओ

परवा सुनेनं विचारलं, "बाबा, तुमच्या काळी तुम्हाला कोणतं रेडिओ स्टेशन आवडायचं?" ती सायपाक करताना मोबाईल फळीवर उभा करून ठेवते. त्यातून कुठल्या तरी शहरातली पोरं-पोरी सकाळपासून दम न घेता बोलत असतात आणि मधूनच, उपकार केल्यासारखं, एखादं गाणं लावतात. मला त्यातलं काही कळत नाही, पण तिचं काम हलकं होतं म्हणून मी बोलत नाही. मी आपला सकाळी अकोला ऐकतो, संध्याकाळी बातम्यांपुरतं नागपूर. माझ्या वयाच्या माणसानं असल्या प्रश्नाला "सिलोन" म्हणून डोळे मिटायचे असतात हे मला ठाऊक आहे. ती तेच ऐकायला थांबली होती.

मी म्हटलं, "मले एकच स्टेशन आवडे. दोन स्टेशनांच्या मधात जे खरखर वाजे ना, ते."

ती हसली. तिला वाटलं बुढा गंमत करून राह्यला. बाई, गंमत नाही. नागपूर दबलं, सिलोन लांब कुठं तरी वाहून गेलं आणि नुसती खरखर उरली की माझ्या पोटात थंड वाटायचं. कारण तो रेडिओ माझा नव्हता. माझ्या साडभावाचा होता. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, बाकीचे लोक त्याला साडू म्हणतात. नाव काही द्या, दुखणं तेच.

मी लिहायला बसलो की शाळेतली भाषा येते आणि राग आला की वऱ्हाडी सुटते. या गोष्टीत राग पुष्कळ आहे, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

आमचं गाव मेडशीच्या अलीकडं. घरचं वावर, त्यात ज्वारी, कपाशी, तूर, आणि विहिरीखाली थोडं माळवं. पैशानं आम्ही साधेच. पण देवानं मला गळा दिला होता. हे मी माझ्या तोंडानं सांगू नये, पण ज्यांनी सांगावं ते आता राहिले नाहीत, म्हणून सांगतो. सप्ताह असो, काकडा असो, कोणाची तेरवी असो, माझ्या खंजिरीशिवाय आमच्या शिवारात भजन उभं राहत नसे. माझं लग्न जमलं तेही त्याच्यावरच. सासरे केनवडकडचे, चांगले खातेपिते शेतकरी. ते आमच्या गावच्या सप्त्याला आले, काकड्याला पुढं बसले आणि सकाळी माझ्या वडिलांना म्हणाले, "वावर किती हाये ते मंग सांगा. पोरगी या गळ्याले देली."

आता लग्नातली एक रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्याकडं लग्नाच्या पंगतीत नवरदेव रुसून बसतो. म्हणजे बसायचंच असतं. ताट वाढलं की त्यानं हात मांडीवर ठेवायचा आणि ताटाला शिवायचं नाही. मग सासऱ्यानं यायचं, "काय पायजे, जावाईबापू?" विचारायचं, नवरदेवानं खाली मान घालून काय ते मागायचं आणि सासऱ्यानं कबूल केलं की पहिला घास घ्यायचा. तोवर पंगतीत कोणी जेवत नाही. आता त्याला लोक हुंडा म्हणतात आणि बरोबरच म्हणतात. तेव्हा त्याला लाड म्हणत. कोणी अंगठी मागे, कोणी घड्याळ, कोणी सायकल.

मी काय मागितलं? काही नाही. वरात भर उन्हात पोचली होती, सकाळपासून पोटात एका बत्ताशाशिवाय काही नव्हतं, समोर गरम गरम ताट आलं आणि मी जेवलो. सरळ जेवलो. माझा मामेभाऊ कोपरानं ढोसत होता, "अबे रुस ना, रुस." मी म्हटलं, "भाजी चांगली झाली." सासरे विचारायला येईपर्यंत माझा अर्धा भात संपला होता. त्यांनी ते पाहिलं आणि सगळ्या मांडवाला सांगत सुटले, "मानूस पाहा. कायचीच हाव नाई." हाव होती हो. भूक जास्त होती, एवढंच.

पण जे मांडवात सोडलं त्याच्या बदल्यात मला त्या घरात एक गोष्ट मिळाली. सासुरवाडीला गेलं की जेवणं झाल्यावर सासरे ओसरीत घोंगडी टाकत. शेजारपाजारचे येऊन बसत. सुपारी फिरे. मग सासरे माझ्याकडं पाहून म्हणत, "होऊ द्या." बस, एवढंच. मी थोडे आढेवेढे घेई, घसा बसला म्हणे, ते पुन्हा म्हणत आणि मग मी खंजिरी हातात घेई. सासूबाई हातातलं काम ठेवून उंबऱ्यावर टेकत. माझी बायको आत, दाराआड. ती मला दिसत नसे, पण तिच्या बांगड्या वाजायच्या थांबत. घड्याळ, सायकल, अंगठी, सगळं मला त्या "होऊ द्या"मध्ये मिळत होतं. दुसऱ्या कुठल्या घरात मला कोणी कधी असं म्हटलं नाही.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं. मुलगा रिसोडचा, बापाचं अडतीचं दुकान. गोरापान, इस्त्रीचा पायजमा, केसांना सुगंधी तेल. गळा म्हणाल तर फुटक्या मडक्याचा. पण रुसावं कसं, हे त्या माणसाकडून शिकावं. पंगत बसली, यानं हात मांडीवर ठेवला. सासरे आले, "काय पायजे?" हा बोलेना. अंगठी म्हणून पाहिली, मान हलेना. सायकल म्हटली, नाही. घड्याळ तर त्याच्या मनगटावर आधीच होतं. भात गार झाला, पोट्टे रडायला लागले, म्हातारे चुळबुळ करायला लागले आणि हा नंदीसारखा बसलेला. शेवटी अगदी हळू, नव्या नवरीनं बोलावं तसा बोलला, "रेडिओ."

त्या गावात तोवर रेडिओ आला नव्हता. सासऱ्यांनी एकदा गोठ्याकडं पाहिलं, एकदा लेकीकडं पाहिलं आणि म्हणाले, "देला."

मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, मोठा जावई म्हणून मानाच्या पाटावर. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, म्हणजे मागता येत होतं. रेडिओसुद्धा मागता येत होता आणि मी भाजीची तारीफ करून मोकळा झालो. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. सासरे जवळून गेले तेव्हा मी वाट पाहिली, की आता म्हणतील, आमच्या मोठ्या जावयांनी पाहा काही मागितलं नव्हतं. नाही म्हणाले. त्यांना त्या वेळी रेडिओ कुठून आणायचा याची काळजी लागली होती.

रेडिओ अकोल्याहून आला. लाकडाची पेटी, पुढं सोनेरी कापड, खाली गोल बटणं. आमच्याकडं तेव्हा वीज कुठली? म्हणून सोबत एक बॅटरी, ती पेटीहून जड. त्याचं लायसन पोस्टातून काढावं लागे. साडभावानं ते लायसन चौकटीत बसवून देवाच्या तसबिरीशेजारी टांगलं होतं. रेडिओ त्याच्या रिसोडच्या घरी राहिला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण या माणसाला सासुरवाडीला येताना रेडिओ संगं आणायची खोड. बैलगाडीत गादी, गादीवर बायको, बायकोच्या मांडीवर रेडिओ आणि हा मागून हात पुढं करून चालणार, गाडी खड्ड्यात गेली तर झेलायला. रेडिओ झेलायला. बायको पडली असती तर पाहिलं असतं मग.

पहिल्या दिवाळीला आम्ही दोघंही जावई तिथं होतो. गाडी आली तसं अर्धं गाव मागं आलं. छपरावर दोन बांबू रोवून तार ताणली. दुसरी एक तार जमिनीत पुरायची असते आणि ती जागा ओली पाहिजे, नाही तर आवाज दबतो, असं साडभावानं सांगितलं. घरात कायम ओली जागा कोणती? सासूबाई म्हणाल्या, तुळस. तिथं रोज सकाळी पाणी पडतं. झालं, तार तुळशीच्या ओट्यात पुरली. तेव्हापासून त्या घरात तुळशीला दिवसातून किती वेळा पाणी पडे याला धरबंध राहिला नाही. आवाज जरा खाली गेला की सासरे बसल्या जागेवरून हाक देत, "पानी घाला वं तुयशीले, नागपूर दबून राह्यलं." आणि खरोखर, घागर रिकामी केली की नागपूर वर येई. सासूबाईंनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. त्यांच्या मते सकाळची भजनं तुळशीतून येत होती, म्हणून तर ती एवढी स्वच्छ येत होती. सिलोनवर सिनेमाची गाणी लागली की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत.

"तुयशीतून असे गाने नोका आनत जाऊ, जावाईबापू," त्या साडभावाला म्हणाल्या.

"आत्याबाई, गाने वरच्या तारीतून येते. तुयशीतून ते फकस्त जाते."

"मंग जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि आणखी एक तांब्या ओतून आल्या.

घरात ज्याचं त्याचं आवडतं ठरून गेलं. सासऱ्यांना संध्याकाळचा खेड्यातल्या लोकांसाठीचा कार्यक्रम, त्यात बाजारभाव आणि पाऊसपाणी. कापसाचा भाव सांगू लागले की ते बोट वर करून सगळ्यांना गप्प करत. मेव्हणीला बुधवारचं सिलोन. साडभाऊ मधूनच काटा हैदराबादवर नेई. तिथलं उर्दू कोणाला कळत नसे, त्यालाही नाही, पण मान मात्र समजल्यासारखी डोलवी. माझ्या बायकोला दुपारचा बायकांचा कार्यक्रम. नागपूरच्या कोणी बाई होत्या, त्या "भगिनींनो" म्हणून सुरू करत आणि लोणच्यापासून लेकराच्या खोकल्यापर्यंत सगळं सांगत. शेवटी एखादी गवळण नाही तर अभंग लागे. बायको तांदूळ निवडत ऐके आणि कार्यक्रम संपला तरी सूप मांडीवर तसंच असे.

मी एकदा म्हटलं, "लोनचं तं तुले येतेच. त्यात ऐकाचं काय?"

"येते ना," ती म्हणाली. "पन ते बाई भगिनी म्हनते. मले आजपावतर तसं कोनी म्हनलं नाई."

मी बाहेर जाऊन बैलांना पाणी दाखवलं.

त्या दिवाळीत पहिल्या दिवशी जेवणं झाली, घोंगडी पडली, शेजारी जमले. मी खंजिरी घरून आणली होती, पुसून पाठीशी ठेवली होती, सहज हाताला लागेल अशी. घसा दोनदा खाकरला. सासऱ्यांनी सुपारी तोंडात टाकली, सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "होऊ द्या."

माझ्याकडं पाहून नाही. साडभावाकडं पाहून. साडभावानं बटण फिरवलं.

ते मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. हसून सोडून देणारे मोठ्या मनाचे लोक असतात म्हणतात, माझी त्यांची गाठ पडली नाही. पेटीतून नागपूरचा कोणी माणूस गायला लागला. साधा गळा. शपथेवर सांगतो, साधा, आणि वरच्या सुरात चिरकत होता. पण घरभर वा वा. माझ्या अभंगाला हमखास डुलक्या घेणारा शेजारचा म्हातारा ताठ बसून मांडीवर ठेका धरत होता. घर की मुर्गी दाल बराबर, दुसरं काय. मी दाराकडं कान लावला. तिथं बांगड्या वाजत नव्हत्या. माझ्यासाठी थांबायच्या त्या आता त्या चिरक्यासाठी थांबल्या होत्या.

मग प्रत्येक सणाला तेच. मी बॅटरी संपायची वाट पाहायचो. आडवळणानं विचारायचो, "साडभाऊ, हे बॅटरी किती दिवस पुरते म्हनता?" तो खुशीत सगळं समजावून सांगे. त्याला वाटे मला नाद लागला. सासूबाईंना मी एकदा फार काळजीनं म्हणालो, "आत्याबाई, लय पान्यानं तुयशीचे मुयं सडते." त्यांनी एक घागर कमी केली, सासऱ्यांनी दोन वाढवल्या. एकदा साडभाऊ मोठ्या मनानं म्हणाला, "भाऊ, आज तुमी फिरवा बटन." मी फिरवलं. नागपूरच्या पुढं नेलं, सिलोनच्या अलीकडं थांबवलं आणि ठेवलं तसंच. मस्त खरखर. मला गोड लागत होती. सासरे थोडा वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "पानी घाला वं." तुळस न्हाऊन निघाली, खरखर आणखी मोठी झाली. शेवटी मेव्हणीनं येऊन काटा हलवला आणि म्हणाली, "भाऊजी, तुमाले नाई जमत." तिचं ते म्हणणं सगळ्यांनी ऐकलं.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "तुमाले रेडिओ पायजे काय?"

"कायले पायजे मले?"

"नाई, तोंड तसं झालं."

"माह्या तोंडाले काय झालं?"

मला रेडिओ नकोच होता. घरी रेडिओ आला असता तर मी गायचं कुठं? मला ते "होऊ द्या" परत पाहिजे होतं. त्या ओसरीत, त्या माणसांसमोर, तिच्या बापाच्या तोंडून आणि ती दाराआड असताना. पण अशी गोष्ट रिसोडच्या बाजारात मिळत नाही आणि बायकोजवळ बोलता येत नाही.

मग दोन श्रावणांचं साल आलं. अधिक महिन्याला आमच्याकडं धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात सासुरवाडीनं जावयाला बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ओवाळायचं. त्या दिवशी जावई देव. आमच्या गावात एक म्हातारा होता, तो म्हणाला, लग्नात ज्याचं रुसणं राहून गेलं त्याला ते धोंड्याच्या जेवणात पुरं करता येतं. कोणत्या पोथीत आहे ते मी विचारलं नाही. मला पटलं.

ठरवलं, या वेळी रुसायचं. सासरे येतील, विचारतील, "काय पायजे?" आणि मी मान खाली घालून सांगेन. काय सांगेन? इथं गाडी अडायची. वावरात तण काढायच्या डवऱ्यामागं चालताना मी ते बोलून पाहायचो. "याच्याहून मोठा रेडिओ पायजे," असं म्हटलं तर मागणारा आणखी एक झालो. "हा रेडिओ बंद करा," म्हटलं तर हलका ठरलो. "मले गायाले सांगा," हे तर मेलो तरी म्हणणार नव्हतो. मागून घेतलेल्या मानाला काय चव? बैल वळले की पुन्हा पहिल्यापासून सुरू. शेवटी म्हटलं वेळेवर सुचेल, आधी रुसू तर द्या.

धोंड्याच्या दिवशी झड लागलेली. आमची गाडी चिखलातून कशीबशी पोचली. साडभाऊ आदल्या दिवशीच येऊन बसला होता, बारदानात गुंडाळून रेडिओ आणला होता. पावसानं तुळशीचा ओटा भिजून चिप्प झालेला, म्हणजे माझ्या नशिबानं नागपूर त्या दिवशी कधी नव्हे इतकं खणखणीत लागलं होतं. कोणी घागर उचलायचीही गरज नाही.

दोन पाट, भोवती रांगोळी. रेडिओ समोरच्या कोनाड्यात, त्याच्यावर मेव्हणीनं विणलेला रुमाल. सासूबाईंनी ओवाळलं. आधी मला कुंकू लावलं, मग साडभावाला, मग त्याच बोटानं रेडिओला. मी पाहत होतो. रेडिओला लावताना त्यांनी जास्त वेळ घेतला.

ताट आलं. धोंडे, त्यावर तुपाची धार, वरण, कढी, भजी, कुरड्या. मी हात मांडीवर ठेवला, पाठ ताठ केली, नजर जमिनीवर लावली.

बायकांचा कार्यक्रम लागला होता. सासरे, साडभाऊ, चुलत सासरे, सगळे जेवत होते आणि ऐकत होते. माझ्याकडं कोणी पाहिलं नाही. मी आणखी ताठ बसलो. सासूबाई वाढायला आल्या, कान कोनाड्याकडं, हात माझ्या ताटावर. न खाल्लेल्या धोंड्यावर आणखी एक धोंडा ठेवून पुढं गेल्या. मी मोठ्यानं श्वास सोडला. साडभावाला वाटलं मला कढी पाहिजे, त्यानं भांडं माझ्याकडं सरकवलं. आता या माणसाला काय म्हणावं? नवरदेव रुसला तर सगळा मांडव ताटकळतो. मी रुसलो तर कढीसुद्धा थांबली नाही.

तूप थिजायला लागलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आपल्याच हातानं घास उचलावा तर रुसणं वाया, न उचलावा तर सणाच्या दिवशी उपाशी. शेवटी मेव्हणी भजी घेऊन आली आणि थांबली.

"मायबाई, भाऊजी तं जेवूनच नाई राह्यले."

सासऱ्यांनी वर पाहिलं. माझा मांडीवरचा हात पाहिला. म्हातारा रीतीचा पक्का, त्यांना लगेच कळलं. त्यांनी साडभावाला खूण केली. साडभावानं उठून डाव्या हातानं बटण फिरवलं आणि "भगिनींनो"वाली बाई अर्ध्या वाक्यात बंद झाली.

सासरे ताटावरून उठले. हात धुतले, माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले आणि हात जोडले. "जावाईबापू," ते म्हणाले, "मांडवात तुमी काई मांगलं नाई. तवापासून माह्या मनावर हाये ते. आज बोला. काय पायजे?"

म्हणजे म्हातारा विसरला नव्हता. मी दोन वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडत होतो आणि त्याच्या मनावर होतं. सगळे माझ्याकडं पाहत होते. सासूबाई उंबऱ्यावर टेकल्या. दाराआड आवाज नाही. बाहेर नुसता पाऊस. मी गायला सुरुवात करायच्या आधी त्या घरात जसं व्हायचं, तसं सगळं झालं होतं. पेटी बंद, आणि सगळे कान माझ्याकडं. मला जे पाहिजे होतं ते त्या घडीला माझ्यासमोर मांडून ठेवलं होतं आणि आता मी काही मागितलं की ते मोडणार होतं. गळ्यात सूर येऊन बसला होता, खोटं नाही सांगत. तोंड उघडलं असतं तर निघाला असता. पण भरल्या ताटावर, कोणी म्हटल्याशिवाय, कोणता शहाणा माणूस गातो? सासऱ्यांचे हात जोडलेलेच होते.

"मीठ," मी म्हटलं. "वरनात मीठ कमी हाये."

"मीठ?" सासऱ्यांनी विचारलं.

"हो. मीठच."

त्यांनी माझ्या तोंडाकडं थोडा वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे सैल झाले. "मीठ आना वं जावायाले," म्हणाले आणि आपल्या पाटावर जाऊन बसले. साडभावानं बटण फिरवलं.

मीठ घेऊन माझी बायको आली. खरं म्हणजे मीठ ताटात होतंच. पहिलं तेच वाढतात. तिनं ते पाहिलं आणि त्याच्या शेजारी आणखी चिमूटभर ठेवलं. रेडिओवर कार्यक्रम संपत आला होता, शेवटची गवळण लागली होती. माझीच गवळण. म्हणजे मी त्या ओसरीत कितीदा तरी म्हटलेली.

ती वाकलेली होती म्हणून मला ऐकू आलं. ती रेडिओबरोबर म्हणत होती. ओठ जेमतेम हलत होते. सूर बरोबर, जागा बरोबर, आणि नागपूरची बाई वर जाताना जिथं दमली तिथं ही दमली नाही. बापासमोर, भरल्या घरात. मी म्हणत असताना ती कधी माझ्या मागं आली नव्हती. येणार कशी? ओसरी पुरुषांनी भरलेली, गाणारा नवरा, समोर बाप. रेडिओला ती नवऱ्याची बायको नव्हती आणि कोणाची लेक नव्हती. त्याच्यासोबत तिला म्हणता येत होतं.

मी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तशी ती गप्प झाली, पदर सारखा केला आणि मिठाची वाटी घेऊन आत गेली.

साडभाऊ घास चावत म्हणाला, "काय लागून राह्यलं आज नागपूर." मी जेवायला सुरुवात केली. माझ्या बायकोला गळा आहे, आणि माझ्याहून बरा आहे, हे मले लग्नाच्या चौथ्या वर्षी कळलं. तेही साडभावाच्या रेडिओनं सांगितलं तेव्हा.